पंधरा दिवसांचा परदेश आणि घरी आलेला कागद

कॉलेजातून घरी पूर्वी दोनच कागद येत. एक फीची आठवण करून देणारा, दुसरा कमी हजेरीची तक्रार सांगणारा. आता तिसरा येऊ लागला आहे. ‘आंतरराष्ट्रीय अभ्यास दौरा. कालावधी बारा ते पंधरा दिवस. सोबत विभागाचे प्राध्यापक. जागा मर्यादित.’ खाली एक रक्कम आणि पहिला हप्ता भरण्याची तारीख. आमच्या घोटावड्याच्या एका अंगाला हिंजवडीचे आयटी पार्क, दुसऱ्या अंगाला पिरंगुटचे कारखाने आणि तालुक्यातच लवळ्याला सिम्बायोसिस आणि फ्लेम ही विद्यापीठे. तेव्हा असा कागद इथल्या घरांना आता नवलाचा राहिलेला नाही. यंदा तीन घरांतून तो आमच्याकडे वाचायला आला. शिक्षकाचे घर म्हटले की कागद वाचून घ्यायला माणसे येतातच.

तीनपैकी दोन घरांत जाणारी मुलगी होती. एका मुलीच्या अब्बांनी कागद समोर ठेवला आणि विचारले, “सर, हे लोक शिकवायला नेतात का फिरवायला?” याहून नेमका प्रश्न आम्हालाही सुचला नसता. कागदाच्या दोन पानांत त्याचे उत्तर मात्र नव्हते. शहरांची नावे होती, हॉटेलचे तारे होते, नाश्ता मिळेल असे लिहिले होते. कोण काय शिकवणार, जाण्यापूर्वी काय वाचायचे, आल्यावर काय लिहायचे, यावर एक ओळ नव्हती.

तेव्हा या महिन्याचे पान त्या कागदासाठी. ज्यांच्या घरी तो येईल त्यांनी वाचावे, आणि आपल्या वाचकांत जे कॉलेजात शिकवतात व असे दौरे आखतात, त्यांनी जरा जास्त लक्ष देऊन वाचावे.

प्रथम हे काय आहे ते समजून घेऊ. परदेशी विद्यापीठात प्रवेश घेणे वेगळे आणि एजंटाकडून सहलीचे पॅकेज घेणे वेगळे. यात आपल्याच कॉलेजचा शिक्षक एक छोटा अभ्यासक्रम तयार करतो, मुलांना घेऊन स्वतः जातो, तिथे शिकवतो आणि परत आल्यावर गुण देतो. कल्पना जुनी आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढून आलेले रेमंड किर्कब्राइड अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठात भाषा शिकवत. 1923 च्या जुलैमध्ये ते आठ विद्यार्थ्यांना घेऊन बोटीने फ्रान्सला गेले. विद्यापीठाने पैसे दिले नाहीत, देणगीदार शोधावे लागले. त्यांचा मुक्काम वर्षभराचा होता, पण एक गोष्ट आजच्या पंधरा दिवसांच्या दौऱ्यालाही लागू पडते. त्यांनी मुलांना थेट पॅरिसला नेले नाही. आधी नान्सी या लहान शहरात ठेवून भाषा पक्की करून घेतली, मग पॅरिस दाखवले.

आपल्याकडेही तालिमीसाठी सात समुद्र ओलांडणाऱ्यांत बायका फार उशिरा आल्या असे नाही. मुंबईच्या अतिया फैजी 1906 मध्ये शिक्षक-प्रशिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनच्या मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात गेल्या. त्यांची बहीण नाझली ही आपल्या कोकणातल्या जंजिऱ्याची बेगम. अतियाबींनी तिथून घरी पाठवलेला मजकूर लाहोरच्या ‘तहजीब-ए-निस्वां’ या बायकांच्या नियतकालिकात छापला गेला आणि 1921 मध्ये ‘जमाना-ए-तहसील’ नावाने पुस्तक झाले. अभ्यासक्रम त्यांनी पुरा केला नाही, 1907 मध्ये त्या परत आल्या. पण काय पाहिले, काय ऐकले, हे घरच्यांसाठी त्या लिहीत राहिल्या, आणि म्हणून आज शंभर वर्षांनंतरही आपण त्या सफरीबद्दल बोलू शकतो. त्या अब्बांच्या मुलीला आम्ही हेच सांगितले. तुझ्या कॉलेजने वही मागितली नसली तरी वही ने.

आता आखणीचे. आमचा एक जुना विद्यार्थी पुण्यातल्या एका कॉलेजात भूगोल शिकवतो. त्याला पाण्याच्या विषयावर मुलांना नेदरलँडला न्यायचे आहे. दोन संध्याकाळी आमच्याकडे बसून त्याने सगळा आराखडा मांडला. त्याचा पहिला मुद्दा आम्हाला फार आवडला. विमानात बसण्याआधी मुलांनी मुळशी धरण पाहिलेच पाहिजे. त्याचा हा हट्ट भावनेपोटी नाही, अभ्यासाचा प्रश्नच त्यातून निघतो. 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. जमिनी पाण्याखाली गेल्या, धरण झालेच, आणि इथले पाणी घाट उतरून रायगडातल्या भिऱ्याच्या वीजघरात जाऊ लागले. ते वीजघर 1927 मध्ये सुरू झाले.

तिकडे 31 जानेवारी 1953 च्या रात्री समुद्र बांध फोडून आत शिरला आणि नेदरलँडमध्ये 1,836 माणसे गेली. त्यानंतर त्यांनी समुद्रालाच दारे बसवण्याचे मोठे काम काढले. त्यातल्या ओस्टरस्केल्डे नावाच्या खाडीवर सरसकट बंद भिंत घालायचे ठरले होते. कोळ्यांनी आणि निसर्गप्रेमींनी विरोध केला, कारण भरती-ओहोटी थांबली असती तर खाडीतले शिंपले मेले असते. सरकारने आराखडा बदलला. 1986 मध्ये उभा राहिलेला तो सुमारे नऊ किलोमीटरचा बांध एरवी उघडा असतो, वादळ आले की त्याची 62 पोलादी दारे खाली येतात.

लोकांचे म्हणणे तिथे आराखड्यात उतरले, इथे का उतरले नाही? इथे राज्य परकीय होते हे एक उत्तर झाले. पण तिथे पाण्याचा कारभार पाहणारी आणि मतदानाने निवडली जाणारी मंडळे तेराव्या शतकापासूनची आहेत, याचाही त्यात वाटा आहे का? हा झाला अभ्यासाचा प्रश्न. मुळशीतल्या घरांत जाऊन म्हाताऱ्या माणसांशी बोललेला मुलगा त्या बांधावर उभा राहिला तर काही विचारेल. न बोललेला फोटो काढेल. फोटो काढण्याला आमची ना नाही, पण त्यासाठी दीड-दोन लाख फार होतात.

असे काही घराजवळ चालते का, हे पाहायचे असेल तर लवळ्याच्या फ्लेम विद्यापीठाचा ‘डिस्कव्हर इंडिया’ हा उपक्रम पाहावा. तो परदेशाचा नाही, पण घडण हीच आहे. मुलांचा गट, एक मार्गदर्शक प्राध्यापक, देशातले एक ठिकाण, एक विषय, आणि शेवटी सगळ्यांसमोर मांडायचा अहवाल. ज्या कॉलेजने आपल्या मुलांना कधी साताऱ्यालाही असे नेले नाही, त्याने एकदम सिंगापूर काढावे हे आम्हाला घाईचे वाटते.

दिवस किती आणि श्रेयांक किती, हे कागदावर असायला हवे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या हिशेबाने एक श्रेयांक म्हणजे वर्गातले 15 तास किंवा प्रात्यक्षिकाचे 30 तास. युरोपातल्या इरॅस्मस योजनेत असे छोटे अभ्यासक्रम आहेत. त्यांत प्रत्यक्ष जाणे 5 ते 30 दिवसांचे, पण त्याच्या जोडीला ऑनलाइन शिकवणी सक्तीची, आणि किमान तीन युरोपीय श्रेयांक मिळालेच पाहिजेत. म्हणजे नुसते जाऊन येणे तिथेही अभ्यास धरत नाहीत. आमच्या भूगोलवाल्याने दोन श्रेयांक धरले आहेत. जाण्यापूर्वी दहा शनिवार, तिथे अकरा दिवस, आल्यावर चार बैठका आणि अहवाल. अहवाल मराठीत लिहिला तरी चालेल, असेही त्याने घातले आहे. आम्ही त्याची पाठ थोपटली.

यानंतर येतो पासपोर्ट, आणि इथे आपल्या घरांची गाडी हमखास अडते. कारण नावे. आधारवर शेखचे स्पेलिंग ‘एस-एच-ए-आय-के-एच’, दहावीच्या प्रमाणपत्रावर ‘एस-एच-ई-आय-के-एच’. मोहम्मदचे एका कागदावर ‘एमडी’, दुसऱ्यावर ‘एमओएचडी’, तिसऱ्यावर पूर्ण. मुलींच्या बाबतीत कुठे नुसते नाव, कुठे वडिलांचे नाव जोडलेले, कुठे आडनाव मुलानी तर कुठे शेख. या गोंधळाचे मूळ पुष्कळदा पहिलीच्या प्रवेशावेळी शाळेच्या जनरल रजिस्टरात पडते. घाईत सांगितले, घाईत लिहिले, आणि तेच पुढे दाखल्यावर, बोर्डाच्या प्रमाणपत्रावर चढले. दुरुस्ती होते, पण शाळा, बोर्ड, आधार केंद्र आणि प्रसंगी राजपत्रातली जाहिरात, अशा चकरा मारून. त्याला महिने लागतात. पासपोर्टवर एकच नाव असणेही अडचणीचे. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर 2022 पासून पर्यटक आणि भेटीच्या व्हिसावर एकच नाव असलेल्यांना प्रवेश नाकारण्याचा नियम केला, तेव्हा विमानतळावरून परत फिरायची वेळ कोणावर येऊ शकते याचा विचार करा. म्हणून दौरा मेमध्ये असेल तर नावाची छाननी आदल्या वर्षीच्या गणपतीत व्हायला हवी. 36 पानांच्या साध्या पासपोर्टची फी 1,500 रुपये आहे. दौऱ्याला जायचे असो वा नसो, अठरा पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलामुलीचा तो काढून ठेवावा, असे आमचे मत आहे.

व्हिसाचे नियम देशागणिक बदलतात. नेदरलँड, जर्मनी, फ्रान्स वगैरे देशांसाठी शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान 15 दिवस आधी करावाच लागतो. जून 2024 पासून प्रौढांची फी 90 युरो आहे, व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. मलेशियाने 1 डिसेंबर 2023 पासून भारतीयांना 30 दिवसांपर्यंत व्हिसामाफी दिली. अशा सवलती मुदतीच्या असतात, तिकिटापूर्वी ताजी स्थिती पाहावी.

तारखा ठरवताना कॅलेंडरची दोन्ही पाने पाहावीत, इंग्रजी आणि हिजरी. परीक्षा एप्रिलअखेर संपतात म्हणून बहुतेक दौरे मेमध्ये लागतात. बकरी ईद 2026 साली मेच्या शेवटी, 2027 साली मेच्या मध्याला आणि 2028 साली मेच्या सुरुवातीला येते. आखणाऱ्या प्राध्यापकाला हे कोणी सांगितले नसेल तर त्याचा दोष नाही, पण सांगितल्यावर चार दिवस मागेपुढे करणे सहज शक्य असते. आमच्या भूगोलवाल्याने, तो स्वतः मुसलमान असूनही, हे पाहिले नव्हते. कॅलेंडर काढल्यावर डोक्याला हात लावून हसला आणि तारीख बदलली.

नमाजीचे काही अवघड नाही. मुसाफिराच्या सवलती घराघरांत ठाऊक आहेत. फक्त एक लक्षात असू द्यावे. मेच्या अखेरीस नेदरलँडमध्ये सूर्य रात्री पावणेदहाच्या सुमारास मावळतो आणि पहाट लवकर फुटते. ईशा आणि फजर यांच्यामध्ये झोपेला थोडाच वेळ उरतो, आणि सकाळी आठला बस सुटणार असते. मुलांनी हे आधीच मार्गदर्शक शिक्षकाला सांगितले तर दुपारी तासभर मोकळा ठेवता येतो. खाण्याची चिंता अम्मींना सर्वांत जास्त असते, पण तिथे 1960-70 च्या दशकांत कामगार म्हणून आलेली तुर्की आणि मोरोक्कन कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, हलाल दुकाने शहरांत सहज सापडतात. गटाचे सामूहिक जेवण कुठे आहे, एवढेच विचारावे. कपड्यांबद्दल कायदा माहीत असावा. फ्रान्समध्ये 2011 पासून सार्वजनिक जागी चेहरा झाकायला बंदी आहे. नेदरलँडमध्ये ऑगस्ट 2019 पासून शाळा, दवाखाने, सरकारी इमारती आणि सार्वजनिक वाहनांत चेहरा झाकता येत नाही. या दोन्ही कायद्यांत डोक्यावरच्या रुमालाला मनाई नाही.

मुलीला पाठवावे की नाही, यावर आम्ही मुफ्ती नाही, फतवा देणार नाही. मेहरमचा मसला ज्या घराला महत्त्वाचा, त्यांनी आपल्या मौलानांना जरूर विचारावे. पण विचारताना पूर्ण माहिती द्यावी. ‘मुलगी पंधरा दिवस परदेशी जाते’ असे सांगून उत्तर मागू नये. गटात मुली किती, शिक्षिका कोण, ती रात्री कोणत्या मजल्यावर राहणार, खोलीत किती जणी, मोकळ्या वेळात एकटीने फिरण्याची सक्ती किंवा मुभा काय, हे सारे सांगावे. जी मुलगी रोज संध्याकाळी सातला गर्दीच्या बसला लोंबकळत पुण्याहून परत येते, तिच्या सुरक्षिततेचा विचार घरात फक्त परदेशाचे नाव निघाल्यावरच होतो, हे आम्हाला जरा विचित्र वाटते.

शिक्षक नेहमी दोन हवेत, आणि त्यांतली एक शिक्षिका. कारण साधे आहे. एखादे मूल आजारी पडले तर एकाला दवाखान्यात बसावे लागते, मग बाकीच्या अठरा जणांचे काय? तिसरा माणूस इथे कॉलेजात हवा, जो रात्रीही फोन उचलेल. उन्हाळ्यात नेदरलँड आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. तिथे रात्री अकराला काही घडले तर इथे पहाटेचे अडीच वाजलेले असतात. त्या वेळी घरच्यांनी कोणाला विचारायचे, तो नंबर कागदावर असलाच पाहिजे. युरोपात तातडीचा क्रमांक 112 आहे, आपल्याकडेही तोच आहे, मुलांना पाठ असावा.

आता पैसे. दोन शिक्षकांचा खर्च बहुधा मुलांच्याच रकमेत वाटलेला असतो, हे पालकांना सांगितले जात नाही. समजा दोघांचा मिळून चार लाख. मुले वीस असली तर प्रत्येकावर 20,000 पडतात, बाराच राहिली तर 33,333. म्हणून किमान किती मुले भरली तर दौरा निघणार, कमी पडली तर फरक कोण सोसणार, आणि कोणत्या तारखेपर्यंत नाव काढले तर किती परत मिळणार, हे लिहून घ्यावे. व्हिसाच नाकारला गेला तर काय, तेही. तोंडी ‘बघू’ चालत नाही.

शिष्यवृत्ती विचाराल तर परदेशी शिक्षणाच्या सरकारी योजना पूर्ण पदवीसाठी असतात, पंधरवड्यासाठी नाहीत. अल्पसंख्याकांच्या परदेशी शिक्षण-कर्जावर व्याज-अनुदान देणारी केंद्राची ‘पढो परदेश’ योजना तर 2022-23 पासून बंदच झाली. मग घरे काय करतात? दागिने गहाण टाकतात. यावर आम्ही स्पष्ट बोलतो. यासाठी सोने गहाण टाकू नये, व्याजाचे कर्ज तर मुळीच काढू नये. पदवीला न जाता येणे हे नुकसान आहे, दौऱ्याला न जाता येणे हे तेवढे नुकसान नाही. ज्या घरात पैसे आहेत त्यांनी भरावेत. ज्यांच्याकडे नाहीत त्यांच्या हुशार मुलांसाठी वीसपैकी दोन जागा मोफत ठेवणे हे कॉलेजचे काम आहे, आणि प्रत्येकावर थोडी रक्कम वाढवून ते करता येते. भूगोलवाल्याने ते केले आहे. बाकी पालकांनी कुरकुर केली नाही का? केली. दोघांनी. त्यांना त्याने हिशेब दाखवला, एकाने ऐकले.

तीन घरांचे पुढे काय झाले तेही सांगतो. ज्या अब्बांनी तो प्रश्न विचारला होता, त्यांनी आमच्याकडून पाच प्रश्न लिहून नेले. शिकवणार कोण, शिक्षिका आहे का, श्रेयांक किती, नाव काढल्यास पैसे किती परत, रात्री फोन कोण उचलणार. कॉलेजकडून तीन आठवड्यांनी दोनच उत्तरे आली, तीही मोघम. त्यांनी नकार दिला. मुलगी चार दिवस बोलली नाही, आणि तिचा राग आम्हाला चुकीचा वाटत नाही. कागद कच्चा होता यात तिचा काय गुन्हा? पुढच्या वर्षी चांगला कागद आला तर पैसे बाजूला काढलेले आहेत, असे अब्बांनी तिला सांगून ठेवले आहे. दुसऱ्या घरातल्या मुलाच्या पासपोर्टचे घोडे आडनावापाशी अडले आहे, तो अजून बोर्डाच्या चकरा मारतो. तिसरी मुलगी भूगोलवाल्याच्याच कॉलेजची. ती सध्या शनिवारी मुळशीच्या गावांत जाऊन बसते, आजी-आजोबांकडून धरणाच्या गोष्टी लिहून घेते. तिच्या घरात आता एकच वाद उरला आहे. युरोपीय संघात बाहेरून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे दादींचा सुका खिमा बॅगेतून निघाला. आंब्याच्या लोणच्याचे अजून ठरायचे आहे.